जीपच्या मागील झाकणातून तेल गळते तेव्हा



बैलगाडीच्या आसाचे वंगण संपले की चाक कुरकुरते आणि आपणास लगेच कळते. जीपचे तसे नाही. तिच्या मागच्या आसाच्या मधोमध जो फुगीर गोळा दिसतो, त्यात डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर जावे लागते. दोघांना आपापल्या गतीने फिरू देण्याचे काम ते करते. त्यातील मोठे दातेरी चक्र, ज्याला गॅरेजवाले क्राऊन म्हणतात, नव्वद नंबरच्या तेलात अर्धवट बुडालेले असते व फिरताना तेच तेल सगळीकडे उडवते. तेल कमी झाले वा त्यात पाणी शिरले, तर आवाज कानी पडेपर्यंत दाते झिजून गेलेले असतात.

गेल्या पावसाळ्यात रायसेनकडच्या एका खेड्यातून एका अडलेल्या बाईला रात्री भोपाळला आणत असता आमच्या जुन्या जीपने मागून रडल्यासारखा सूर काढला. बाई सुखरूप पोहोचली, पण क्राऊन व पिनियन दोन्ही बदलावे लागले. झाकण उघडले तर आतले तेल ताकासारखे पांढरे! त्याआधी दोनदा पैसे मोजून पॅकिंग बदलून घेतले होते आणि दोन्ही वेळा महिन्याभरात गळती पुन्हा सुरू झाली होती. दोष पॅकिंगचा नव्हताच.

आसाच्या वरच्या अंगाला टोपीसारखी एक लहानशी नळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. आपल्या काळ्या मातीचा चिखल वाळला की तो ब्रीदरचे भोक पक्के बुजवतो. मग गाडी धावून तेल तापले की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती तेलाला झाकणाच्या कडेतून बाहेर रेटते. तसाच तापलेला आस नाल्याच्या थंड पाण्यात उतरला की हवा आकसते व त्याच फटीतून पाणी आत ओढले जाते. म्हणून गळती दिसताच आधी ब्रीदर काढून रॉकेलने धुवावा, फुंकून पाहावा. ज्यांना वरचेवर नाले ओलांडावे लागतात त्यांनी ब्रीदरला तेलाने न फुगणारी रबरी नळी जोडून तिचे दुसरे टोक चासीवर उंच, तोंड खाली करून बांधावे.

आता झाकण. जीप सपाट जमिनीवर चाकांवरच उभी करावी, चाकांना दगड लावावेत. जॅक लागत नाही. तेल भरण्याचा बूच आधी सैल करून पाहावा. तो गंजून बसला असेल आणि तेल आधीच काढले असेल, तर गाडी जागेवरच अडकते. खाली घमेले ठेवून बोल्ट काढावेत, पण वरचे दोन नुसते सैल करून राहू द्यावेत, म्हणजे झाकण अंगावर पडत नाही. पाणी तेलापेक्षा जड, ते आधी येते. तळाशी लोखंडाचा बारीक लगदा असला तर चिंता नको. दात्याचा तुकडा निघाला तर मात्र मिस्त्रीला दाखवावे.

खरी मेहनत पुसण्यात आहे. जुने पॅकिंग बोथट पात्याने खरवडावे, छिन्नीने नव्हे. छिन्नीचा एक ओरखडा म्हणजे तेलाला नवा पाट. झाकण काचेवर पालथे ठेवून पाहावे. पूर्वी कोणी बोल्ट फार आवळले असतील तर भोकांभोवतीचा पत्रा वाकलेला असतो; तो सपाट लोखंडावर हलक्या हाताने ठोकून सरळ करावा. दोन्ही कडांना तेलाचा अंशही राहू नये.

ट्यूबमधील सिलिकॉन वापरायचे तर गियर तेलाला टिकणारेच घ्यावे; न्हाणीघराचे, आंबूस वासाचे इथे चालत नाही. बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने सलग, सुमारे तीन मिलिमीटर जाडीची रेघ पुरे. जास्त थापले तर आत तुटून दात्यांत जाते. बोल्ट बोटांनी बसवून मग समोरासमोरचे थोडेथोडे आवळत जावे. ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण झाल्याशिवाय तेल भरू नये. हीच घाई आमच्याकडे दोनदा झाली होती.

तेल भोकाच्या खालच्या काठापर्यंत यावे, करंगळीने चाचपून पाहावे. काढलेले तेल विहिरीजवळ वा शेतात ओतू नये. हात पेट्रोलने नव्हे, साबणाने धुवावेत. पेट्रोलने कातडी फाटते व खरूज उठल्यासारखी आग होते.

पन्नासेक किलोमीटर गाडी चालवल्यावर झाकणाखाली कोरडा कागद रात्रभर ठेवावा. सकाळी डाग नसेल तर काम जमले.