मेजावरचा टेलिफोन उचलला जातो तेव्हा

गेल्या वर्षी एका शिक्षणसंस्थेतील कार्यालयीन सेवकांच्या सभेला आम्ही गेलो होतो. मेजांवरचे सारे टेलिफोन काढून घेऊन बोलण्याची सोय संगणकातच करावयाची, असे परिपत्रक तेथे नुकतेच निघाले होते. एक वयस्क बाई उठून म्हणाल्या, "भाऊ, फोन नेतात तर नेऊ देत, पण त्याच्याबरोबर आमचं काय काय जाणार, तेवढं सांगा." आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. उत्तर तेव्हा देता आले नाही, हे तेथेच कबूल केले. पुढे सहा महिने मिळेल ते वाचले, तारा ओढणाऱ्या मेस्त्र्यांना विचारले. त्या बाईंना जे सांगावयाचे राहिले ते येथे सांगत आहोत.

जुन्या पद्धतीत प्रत्येक टेलिफोनपासून तांब्याच्या तारांची एक जोडी निघते ती थेट एक्स्चेंजला जाऊन मिळते. तुमच्या आवाजाबरोबर त्या तारेतील विजेचा प्रवाह कमीजास्त होतो आणि पलीकडच्या टोकाला त्याचा पुन्हा आवाज होतो. ही वीज खोलीतल्या बटनाची नव्हे. एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांची, सुमारे ४८ व्होल्टची. म्हणून इमारतीत अंधार झाला तरी साधा टेलिफोन बोलतोच. तारा जोडण्याचे काम आरंभी ऑपरेटर मुली हाताने करीत. कॅन्सस सिटीत अंत्यविधीचे सामान पुरविण्याचा धंदा करणाऱ्या आल्मन स्ट्रोजर यांना संशय आला, की ऑपरेटर आपली गिऱ्हाइके दुसऱ्याकडे वळवते. म्हणून त्यांनी आपोआप जोडणी करणारे यंत्र काढले व १८९१ साली त्याचे पेटंट मिळविले, असे सांगतात. एका दुकानदाराच्या संशयातून निघालेल्या यंत्राने पुढे किती जणींच्या खुर्च्या गेल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला दिसत नाही. असो.

नव्या पद्धतीत तार कोणा एकासाठी राखलेली नसते. आवाजाचे सेकंदाला ८,००० वेळा माप घेतात. अशी १६० मापे भरली, की त्यांची एक चिठ्ठी होते; तिच्यावर पत्ता घालून ती संगणकांच्या जाळ्यात सोडतात. म्हणजे सेकंदाला ५० चिठ्ठ्या. हे नेहमीच्या रीतीचे प्रमाण. इतरही रीती आहेत. ज्या वाटेने टपाल आणि चित्रे जातात त्याच वाटेने या चिठ्ठ्याही जातात. एकीकडून दुसरीकडे पोहोचावयास सेकंदाच्या सातव्या हिश्शापर्यंत वेळ लागला, तर बोलणाऱ्याला सहसा जाणवत नाही. त्याहून उशीर झाला, की दोघे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. हरवलेली चिठ्ठी परत मागविण्यात अर्थ नसतो, कारण ती येईतो वाक्य पुढे गेलेले असते. म्हणून विद्यापीठाने आधी आपले जाळे दुरुस्त करावे आणि मग टेलिफोन काढावे. उलट क्रमाने केल्यास शिव्या समोर बसलेल्या कारकुनाला खाव्या लागतात.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात डार्टमथ आहे. नावाने कॉलेज, व्यवहारात विद्यापीठच. २००३ साली तेथे नव्या विद्यार्थ्यांना संगणकाचाच टेलिफोन करणारी प्रणाली दिली गेली. दूरच्या गावाला केलेल्या फोनचे पैसे घेणेही त्या सुमारास त्यांनी सोडून दिले. बोलण्याच्या खर्चापेक्षा त्याची बिले करण्याचा खर्च अधिक, असे त्यांना आढळले होते. बचत खरी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. नंबर तोच ठेवता येतो, आणि खोली बदलली तर मेस्त्री बोलवावा लागत नाही.

पण नेमकी येथेच मेख आहे. मेजावरचा टेलिफोन जागेचा होता. नवा टेलिफोन माणसाचा झाला. बाईंच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे.

जागेचे आधी पाहू. १ डिसेंबर २०१३ रोजी टेक्सासमधील मार्शल गावी, एका मोटेलच्या खोलीत, कॅरी हंट या तरुणीवर तिच्या विभक्त नवऱ्याने प्राणघातक हल्ला केला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीने ९११ हा मदतीचा नंबर चार वेळा फिरविला. फोन लागला नाही, कारण बाहेरची लाइन मिळण्यासाठी आधी आणखी एक ९ दाबावा लागत होता. ते पोरीला कोणी सांगितलेले नव्हते. आई वाचली नाही. हे वाचताना आम्हांला तरुणपणची रात्रपाळी आठवली. एका कारखान्यात सोबत्याचा हात यंत्रात सापडला, आणि आधी शून्य दाबावयाचे असते हे न सुचल्यामुळे आम्ही बाहेरचा फोन लावीत बसलो. सोबत्याचा जीव वाचला, बोटे गेली.

कॅरीच्या नावाने अमेरिकेत २०१८ साली कायदा झाला. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसविलेल्या अशा यंत्रणेत ९११ थेट लागलाच पाहिजे, आणि असा फोन झाल्याची वर्दी जागेवरच्या देवडीला वा कचेरीलाही गेली पाहिजे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने इमारत, मजला, खोली कळविण्याचे बंधन आले. हिंडत्या उपकरणांना ते ६ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. संगणक घरी नेऊन तेथून फोन केला आणि मदत विद्यापीठाच्या दारात गेली, तर काय उपयोग?

आता माणसाचे. मेजावरचा फोन सहा वाजता मागे राही. नवा खिशात बसून घरी येतो. प्रणाली स्वतःच्या मोबाइलवर उतरवून घ्या, असे गोडीत सांगतात. उपकरण कामगाराचे, काम संस्थेचे! नावापुढे हिरवा ठिपका असतो. काही मिनिटे कळफलकाला हात लागला नाही, की त्याचा रंग बदलतो. फाइल शोधायला कपाटाशी गेलेली बाई अशा वेळी गैरहजर ठरते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, कामाच्या वेळेबाहेर ही उपकरणे बंद ठेवण्याच्या हक्काविषयी मोठ्या आस्थापनांना कामगारांशी वाटाघाटी करणे भाग आहे. आपल्याकडे त्याच हक्काचे खाजगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले होते.

त्या संस्थेत आम्ही बदलाला विरोध केला नाही. कोणते फोन काढू नयेत याची यादी मात्र मागितली. व्यवस्थापनाकडे ती नव्हती, तेव्हा दोन शिपाई आणि आम्ही मजल्यामजल्याने फिरून ती केली. लिफ्टमधला फोन, रसायनशाळेच्या भिंतीवरचा फोन, आगीच्या घंटेची तार, फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या खोलीतला फोन. पहारेकऱ्यापाशी संगणक नव्हता आणि संस्थेचा मोबाइलही नव्हता. नव्या पद्धतीत त्याला नंबर कोणता, असे आम्ही विचारले. यादीत त्याचे नावच नाही, असे उत्तर मिळाले. तो फोन अजून तेथेच आहे.