अवकाळीच्या रात्री हापसा

26 नोव्हेंबर 2023, रविवार. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते आणि दुसऱ्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा होती. हवामान खात्याने अवकाळीचा इशारा दिला होता, म्हणून आम्ही दुपारपासून झाकपाक करत होतो. वेचलेला कापूस पडवीत आणला, कांद्यावर ताडपत्री ओढली, कडब्याच्या गंजीला दोर बांधले. टाकी भरून ठेवायचे मात्र कुणालाच सुचले नाही. संध्याकाळी सहाच्या सुमाराला वारा सुटला, मागोमाग सरी आल्या आणि लाईट गेली. टाकीत हात घालून पाहिले तर पाणी कोपरापर्यंतही नव्हते.

वैजापूरहून शिऊर बंगल्याकडे जाताना रस्त्यापासून आत आमची वस्ती आहे. घरात माणसे सात. गोठ्यात एक दुभती गाय, एक कालवड आणि बैलजोडी. जलजीवन मिशनच्या हिशेबात माणशी रोज 55 लिटर पाणी धरतात, म्हणजे सात माणसांना 385. दुभती गाय साठ लिटर पिते, बैल चाळीस-चाळीस, कालवड पंचवीस. सगळे मिळून साडेपाचशे लिटर होते. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर सदतीस हंडे. बाहेर पत्र्यावरून पाणी कोसळत होते. पन्हळीखाली ठेवलेली दोन पिंपे भरलीही, पण पत्र्यावरची धूळ, पालापाचोळा आणि पक्ष्यांची घाण त्यातच उतरली होती. ते पाणी भांडी घासायला गेले. चूल, ताट आणि गोठा यांना चालेल असे पाणी जमिनीतच होते. ते वर आणणारी मोटार बंद, आणि साडेसहा इंची बोअरमध्ये पोहरा सोडता येत नाही.

सोमवारी सकाळी नानांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, शेडमधले जुने डिझेल इंजिन बाहेर काढायला लावले. हँडल मारून ते सुरूही झाले. मग नानांनी आमच्या विहिरीत डोकावून पाहिले आणि इंजिन बंद करायला सांगितले. त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने ओढ दिलेली. पाणी चाळीस फुटांवर होते. "पंचवीस फुटांच्या खाली पंप पाणी ओढीत नाही. हवा धरतो," नाना म्हणाले. शाळेत शिकलेली गोष्ट इथे कामाला आली. हवेचा दाब पाण्याला नळीतून चढवून चढवून 34 फूट चढवेल, आणि पंपाची झीज, फूटव्हॉल्व्हची गळती धरली तर पंचवीसच हाती लागतात. पूर्वी विहिरीच्या पोटात एक टप्पा बांधलेला होता, इंजिन त्यावर उतरवत. तो टप्पा ढासळून बरीच वर्षे झाली. मोटार आल्यावर तो पुन्हा बांधावा, असे कुणाला वाटले नाही. गोठ्यासाठी मग पोहरा आणि दोर. चाळीस फूट दोर ओल्या हातांनी ओढताना पहिल्या दहा पोहऱ्यांतच तळहात सोलून निघाले.

पिण्याच्या पाण्यासाठी उरला तो मारुतीच्या पाराजवळचा हापसा. गावात तीन हापसे होते. त्यांतल्या दोहोंची डोकी उतरवून त्याच बोअरमध्ये मोटारी टाकल्या गेल्या. हा तिसरा पाण्याची चव बरी म्हणून राहिला होता. पहाटे पाच वाजता तिथे अठरा-वीस हंडे रांगेत होते. अंगावर घोंगड्या, डोक्याला टॉवेल, आणि बायका पदर कानांवरून घट्ट घेऊन उभ्या.

दांडा धरला की सुरुवातीला काहीच लागत नाही. साखळी कुरकुरते, दांडा हलका खालीवर होतो, तोटी कोरडी. पंधरा, वीस, पंचवीस. अठ्ठाविसाव्या हापशाला दांडा एकदम जड झाला आणि तोटीतून आधी गुळगुळ आवाज, मग पाणी आले. पाण्यातून वाफ निघत होती, कारण जमिनीच्या पोटातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार होते. बायकांनी आधी त्यात हात धरले. कोरड्या हापशांचे कारण साधे आहे. या पंपाचा सिलिंडर खोल पाण्यातच बुडालेला असतो. खालची झडप नीट बसत असेल तर पाइपातले पाणी वरच राहते. झडप किंवा वायसर झिजला की ते रातोरात खाली उतरते आणि सकाळी सगळा पाइप नव्याने भरावा लागतो. आमच्या हापशावर एक हंडा भरायला पन्नासच्या वर हापसे लागत होते. दोघी मिळून दांडा मारत, एकीचा श्वास संपला की तिसरी हात लावत असे. रांगेवरून भांडण झाले नाही. ज्या घरात बाळंतीण होती तिचा हंडा न सांगता पुढे सरकवला गेला.

हा पंप आपल्याकडचाच आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. 1972 च्या दुष्काळात गावोगाव बोअर घेतले गेले, पण तेव्हाचे बिडाचे हातपंप दिवसभराच्या गर्दीपुढे टिकत नव्हते. जालन्यात ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी पोलादी, एकाच खिळ्यावर झुलणारा पंप बनवला होता. त्यावर सोलापुरात सुधारणा झाली. त्यांच्या आधारे 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीने इंडिया मार्क दोन तयार झाला. तो पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांतही पोहोचला. ज्या मराठवाड्याच्या तहानेतून हा पंप घडला, तिथेच त्याची डोकी भंगारात जाताना पाहून मला खरोखर वाईट वाटते.

मंगळवारी सकाळी मी वायरमनबरोबर लाइन पाहायला गेलो. दोन रात्री झोप नसलेला माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल. उपकेंद्रातून फीडर चार्ज केला की लगेच ट्रिप होत होता. त्याने रस्त्यावरचा एबी स्विच उघडून पुढची लाइन तोडली आणि फोनवर सांगितले, "आता चार्ज कर." लाइन टिकली. म्हणजे दोष पुढे. मग खांबागणिक चालणे. मला वाटत होते, कुठेतरी तार तुटलेली दिसेल. तो मात्र मान वर करून चिनीमातीच्या इन्सुलेटरांकडे पाहत होता. "भर पावसाळ्यात लाइन एवढा त्रास देत नाही," तो म्हणाला. "दिवाळीनंतर धूळ बसती. वरून हे भुरभुर पाणी पडलं की तिचा चिखल होतो अन् करंट खांबात उतरतो." कांद्याच्या वावरातल्या खांबावर त्याला केसाएवढी चीर दिसली. मला ती दाखवूनही दिसली नाही. त्याने परमिट घेतले, लाइन खरेच बंद असल्याची खात्री केली, अर्थिंगचा रॉड तारांना लावला आणि मगच चढला. गावातून फोनवर फोन येत होते. त्याने एकही उचलला नाही आणि एकही पायरी गाळली नाही. मला ते फार मोलाचे वाटले.

विजेमागोमाग पाणी जाणे फक्त खेड्यातच घडते असे नाही. माझा भाचा ऑस्टिनला असतो. 2021 च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फाचे वादळ आले, लाखो घरांची वीज गेली, पाठोपाठ पाण्याचा दाब गेला आणि शहरभर पाणी उकळून पिण्याची सूचना निघाली. संडासात टाकायला लोक बर्फ वितळवत होते. तेव्हा फोनवर ऐकताना ती दूरची गोष्ट वाटली होती. सोमवारी रात्री चुलीवर पाणी उकळताना आईनेच त्याची आठवण काढली.

मंगळवारी संध्याकाळी सातला लाईट आली आणि चार मिनिटांत गेली. डीपीचे फ्यूज उडाले होते. जवळजवळ प्रत्येक मोटारीला ऑटो बसवलेला. वीज आली की सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहापट करंट ओढते. रात्री नानांनी मला बॅटरी घेऊन वस्त्यावस्त्यांवर पाठवले, ऑटो बंद करायला. बुधवारी सकाळी लाईट आली ती टिकली.

म्हणून शेतकरी भावांना एवढीच विनंती: वाऱ्यावादळात लाईट गेली की आधी ऑटो बंद करा. आणि गावात एखादा हापसा उभा असेल तर त्यात मोटार टाकू देऊ नका. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत आम्ही आमच्या हापशाचा विषय मांडला. फेब्रुवारीत पाइप वर काढून वायसर आणि झडप बदलली. आता चौथ्या हापशाला पाणी येते.