अ‍ॅपची पारख

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिरात एक शिलालेख आहे. त्यात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, या वर्षाचा आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचा उल्लेख आहे. लेख कोणाच्या कारकिर्दीतला व केव्हाचा, हे त्यातच नमूद असल्यामुळे अभ्यासकांना त्याचा आधार घेता येतो. मोबाइलवरील माहितीलाही अशीच कसोटी लावावी लागते. स्मृतिभ्रंशाची माहिती देणारी अ‍ॅप्स हे त्याचे चांगले उदाहरण होय.

स्मृतिभ्रंश मेंदूच्या विकारांमुळे होतो. जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णिलेला त्याचा प्रकार आज सर्वाधिक आढळतो. फाळणीनंतर सिंधमधून उल्हासनगरास आलेल्या एखाद्या आजीला बालपणीचे अंगण आठवावे, पण सकाळचे जेवण आठवू नये, असे या विकारात घडते.

बदलापूरची पुष्कळ कर्ती माणसे सकाळच्या लोकलने कामावर जातात. घरी आजीजवळ नातवंडे असतात आणि मोबाइल हाताळण्यात तीच तरबेज! म्हणून ही पारख मुलांनाही हवी.

२०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आरोग्यविषयक अ‍ॅप्स तपासण्यासाठी २३ प्रश्नांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीत अ‍ॅपच्या देखणेपणाला वेगळे गुण आहेत आणि माहितीच्या दर्जाला वेगळे. यातील मर्म असे की, जे देखणे ते खरे असतेच असे नाही. म्हणून मुलांनो, प्रथम पाहा : माहिती कोणी लिहिली? ती कोणत्या वर्षी तपासली? तिला आधार कोणता? घरातील माणसांना कळेल अशा मराठीत किंवा सिंधीत ती आहे काय? अ‍ॅप काही विकू तर पाहत नाही ना?

'हा खेळ खेळा, स्मृतिभ्रंश बरा होईल,' असे सांगणाऱ्या अ‍ॅपवर विश्वास ठेवू नये. अल्झायमरचा रोग समूळ बरा करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. उलट, ब-१२ जीवनसत्त्वाच्या किंवा थायरॉइडच्या कमतरतेमुळे आलेले विस्मरण उपचारांनी सुधारू शकते. अ‍ॅपच्या नादी लागून डॉक्टरांकडे जाण्यास विलंब झाला, तर ही संधी हातची जाते.

चांगले अ‍ॅप रोग बरा करण्याचे वचन देत नाही. डॉक्टरांना केव्हा भेटावे, हे ते सांगते. आणि आजीने तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तरी न चिडता उत्तर द्यावे, हेही शिकवते.