टाकी भरल्याचे मोटारीला कसे कळते?

गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की शेजारी हाक मारतात, "अहो, मोटार बंद करा!" येथे शेजाऱ्यांचे डोळे हा संवेदक आणि बटण दाबणारा हात हा नियंत्रक होय. स्वयंचलित घर म्हणजे काही जादू नव्हे. पाहणे, ठरवणे आणि कृती करणे ही तीन कामे उपकरणांवर सोपवली, की झाले. ती कशी सोपवतात ते एका प्रयोगातून पाहू या.

साहित्य : ९ व्होल्टची बॅटरी, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक एलईडी, ४७० ओहम आणि १० किलोओहमचे रोध, तांब्याच्या तारा व प्लॅस्टिकचा पेला.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. एमिटर बॅटरीच्या ऋण अग्राला जोडा. धन अग्रापासून ४७० ओहमचा रोध, त्याला एलईडीचा लांब पाय आणि आखूड पाय कलेक्टरला, अशी जोडणी करा. धन अग्रापासून आणखी एक तार काढून तिचे उघडे टोक पेल्याच्या तळाशी सोडा. बेसला १० किलोओहमचा रोध जोडा व त्याच्या दुसऱ्या टोकाची तार पेल्याच्या काठाजवळ ठेवा. आता नळाचे पाणी हळूहळू ओता. पाणी वरच्या तारेला लागताच एलईडी उजळेल.

असे का होते? नळाच्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात. त्यांच्या आयनांमुळे पाण्यातून थोडा प्रवाह वाहतो. समजा, दोन तारांमधील पाण्याचा रोध २० किलोओहम आहे. एकूण रोध ३० किलोओहम झाला. बेस व एमिटर यांमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट खर्च होतात. उरलेल्या ८.३ व्होल्टमुळे बेसमधून साधारण ०.२८ मिलिअँपिअर प्रवाह जातो. एवढ्याने एलईडी नीट उजळणार नाही. पण हा ट्रान्झिस्टर प्रवाह शंभरपटीहून अधिक वाढवू शकतो, म्हणून एलईडीला लागणारे सुमारे १५ मिलिअँपिअर सहज मिळतात.

आता पेला किंचित हलवा. एलईडी लुकलुकेल! त्याच्या जागी मोटार असती, तर पाण्याच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर ती चालू-बंद झाली असती. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते. असे वारंवार झाले तर ती तापून जळेल. यावर उपाय म्हणजे दोन पातळ्या. पाणी खालच्या पातळीखाली गेले की मोटार सुरू आणि वरच्या पातळीला पोचले की बंद.

पण टाकी अर्धी असेल तर? पाणी चढत असताना मोटार चालू हवी, उतरत असताना बंद. पातळी तीच, उत्तरे मात्र दोन! म्हणजे नियंत्रकाला मागची स्थिती लक्षात ठेवावी लागते. हे काम रिलेच्या विशिष्ट जोडणीने होते. २००५ साली इटलीत सुरू झालेल्या आर्डुइनोसारख्या छोट्या संगणक-पट्टीवर त्यासाठी आज्ञावलीच्या चार-सहा ओळी पुरतात.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. समजा, वरच्या पातळीची तार तुटली. प्रवाह थांबेल आणि नियंत्रक समजेल की टाकी अजून भरलेली नाही. मोटार चालतच राहील! संवेदक गप्प आहे, याचे दोन अर्थ होऊ शकतात : पाणी नाही, किंवा संवेदकच बिघडला. म्हणून वेळेचे बंधन घालतात. टाकी भरायला २० मिनिटे लागत असतील, तर २५ मिनिटांनी मोटार बंद झालीच पाहिजे, मग संवेदक काहीही सांगो. विहिरीचे पाणी आटल्यावर कोरडी चालणारी मोटारही यामुळे लवकर थांबते. स्वयंचलित यंत्र रचताना 'ते कसे चालेल' याबरोबर 'बिघडल्यावर ते काय करील' हेही विचारावे.

एक सूचना : हा प्रयोग बॅटरीवरच करा. घरातील २३० व्होल्टची मोटार जोडण्याचे काम परवानाधारक वायरमनचेच आहे.

जाता जाता एक प्रश्न. नळाच्या पाण्याऐवजी ऊर्ध्वपातित पाणी घेतले, तर एलईडी तितकाच उजळेल का? आधी उत्तर वहीत लिहा, मग करून पाहा. नंतर त्यात चिमूटभर मीठ टाका.