ट्रॅक्टर भाड्याने देता? मग हे वाचा

परभणी जिल्ह्यात आपली पेरणी आटोपली की पुष्कळजण ट्रॅक्टर शेजारच्या रानात भाड्याने धाडतात. असे काम आता मोबाइलवरच्या ॲपवरूनही मिळते.

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, हे खरे. परंतु दुसऱ्याचे रान नांगरून मिळालेले भाडे म्हणजे शेतीचे उत्पन्न नव्हे. तो धंदा होय.

ॲप चालविणाऱ्याने अशा भाड्यातून कर कापून सरकारात भरावा व तुमच्या पॅनवर नोंदवावा, असा कायदा 1 ऑक्टोबर 2020 पासून आहे. पूर्वी शेकडा 1 रुपया कापत. 1 ऑक्टोबर 2024 पासून हजारी 1 रुपया कापतात. त्या ॲपवरचे वर्षाचे भाडे 5 लाखांपर्यंत असेल आणि पॅन किंवा आधार दिलेला असेल, तर कपात नाही. काहीच दिले नाही, तर शेकडा 5 रुपये जातात. म्हणजे 40,000 रुपयांच्या भाड्यातून 2,000 रुपये गेले!

पॅनवर नोंदलेली कपात बुडत नाही. कर देणे निघत नसेल, तर विवरणपत्र भरल्यावर ती परत मिळते. म्हणून डिझेल, चालकाचा पगार, दुरुस्ती यांच्या पावत्या जपा. हिशेबाची वही घरातल्या शिकलेल्या लेकी-सुनेच्या हाती द्या. ट्रॅक्टर रानात जाण्याआधी पॅनची नोंद तेवढी करा.