हातोडी आधी, एमआरआय नंतर

चंडीगडच्या सेक्टर ३४ मध्ये एससीओ इमारतींच्या रांगा आहेत. एससीओ म्हणजे खाली दुकान, वर ऑफिस. वरच्या मजल्यांवर आयईएलटीएसपासून नीटपर्यंतच्या क्लासच्या पाट्या दाटीवाटीने लटकतात. दोन सेक्टर पलीकडे, ३२ मध्ये, सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सेक्टर १२ मध्ये पीजीआय, १९६२ पासूनची नामांकित संस्था. परीक्षेची तयारी आणि प्रत्यक्ष रुग्ण एकमेकांच्या इतके जवळ असलेली शहरे थोडीच.

परदेशात एमबीबीएस करून आलेल्या मुलामुलींना भारतात प्रॅक्टिस करण्याआधी एफएमजीई द्यावी लागते. २००२ पासून चालत आलेली ही परीक्षा ३०० प्रश्नांची असते. पास व्हायला १५० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. या तयारीत न्यूरॉलॉजीचा धसका जुनाच. मग ‘वन लायनर’ घोकले जातात: अमुक लक्षण म्हणजे तमुक आजार. गंमत अशी की त्यातल्या अनेक ओळींना गावाचा पत्ता आहे आणि बरेच पत्ते महाराष्ट्रातले आहेत.

जानेवारी २०२५ मधले पुणे घ्या. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत धडधाकट माणसांचे पाय अचानक लुळे पडू लागले. आधी जुलाब, काही दिवसांनी पायांत मुंग्या, मग जिना चढता येईना. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि गीयाँ-बारे सिंड्रोम हे पुस्तकातले नाव घराघरांत ‘जीबीएस’ म्हणून पोचले. संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडे वळली आणि काही रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. परीक्षेत ‘जीबीएसच्या आधी सर्वाधिक आढळणारा संसर्ग’ म्हणून हेच उत्तर अपेक्षित असते.

होते असे, की या जिवाणूच्या आवरणातली काही साखरयुक्त रसायने आपल्या नसांवरच्या रसायनांसारखी असतात. त्याच्याशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडे मग आपल्याच नसांवर तुटून पडतात. कुणाच्या नसांवरचे वेष्टण खरवडले जाते, जसे विजेच्या तारेवरचे रबर, तर कुणाच्या आतल्या तंतूलाच इजा होते. पाठीतून काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असतात, पेशी मात्र जवळजवळ वाढलेल्या नसतात. हे गीयाँ, बारे आणि स्ट्रोल या तिघांनी १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांवरून दाखवले. स्ट्रोल बिचारे नावातून गळाले. परीक्षार्थी इथे हमखास फसतो, कारण पहिल्या आठवड्यात हे पाणी अगदी नॉर्मल असू शकते. आणखी एक सापळा स्टेरॉइडचा. आजार प्रतिकारशक्तीचा असूनही इथे स्टेरॉइड कामाला येत नाही. इम्युनोग्लोब्युलिन द्यायचे, नाहीतर प्लाझ्मा बदलायचा. आणि रुग्ण एका श्वासात किती अंक मोजतो, ते पुन्हापुन्हा बघत राहायचे. छातीचे स्नायू थकत चालले की तो आकडा घसरतो आणि व्हेंटिलेटरची वेळ जवळ आल्याचे कळते.

आता विदर्भात चला. लाखोळीची डाळ, म्हणजे लाख, दुष्काळातही तग धरणारी आणि म्हणूनच गरिबाच्या ताटात महिनोन्‌महिने एकटीच उरणारी. तिच्यातल्या बीओएए नावाच्या विषाने मेंदूतून मज्जारज्जूत उतरणाऱ्या, हालचाल घडवणाऱ्या चेतापेशी झिजतात आणि लॅथिरिझम होतो. केंद्राने १९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली. पुढे महाराष्ट्रात ती उठवण्यासाठी आंदोलनेही झाली, कारण मिश्र आहारात आणि डाळ उकळून पाणी टाकून दिल्यावर धोका बराच कमी होतो. रुग्णाची बुद्धी शाबूत, स्पर्शज्ञान शाबूत, पण पाय ताठ. चालताना मांड्या एकमेकींवर कात्रीसारख्या येतात.

पुण्याचा रुग्णही पायाने अधू आणि विदर्भातलाही. एमआरआयच्या आधी दोघांना वेगळे करते ती वीतभर लांबीची हातोडी. गुडघ्याखाली टकटक केल्यावर जीबीएसमध्ये पाय ढिम्म हलत नाही, कारण बिघडली आहे ती मज्जारज्जूबाहेरची नस. लॅथिरिझममध्ये पाय ताडकन उडतो आणि तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जातो. दोष वरच्या मार्गात आहे. ही अंगठ्याची खूण बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये नोंदवली. न्यूरॉलॉजीत ‘काय झाले’ याच्या आधी ‘कुठे झाले’ विचारतात, ते यासाठी. वन लायनर नेमका हा क्रम उलटा करतात.

डोळ्यांतूनही ‘कुठे’ कळते. मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. नोशीर वाडिया यांना तोल जाणारी काही कुटुंबे भेटली. या माणसांची नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर झटकन जाईना, सरपटत जाई. वाडिया आणि त्यांचे सहकारी स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात या आनुवंशिक आजाराचे वर्णन केले. जनुकांच्या भाषेत तो आज एससीए-२ म्हणून ओळखला जातो. नजरेच्या झेपा (सॅकेड्स) मेंदूच्या खोडातल्या ‘पॉन्स’ या भागातून निघतात. तिथल्या पेशी झिजल्या की त्या मंदावतात. परीक्षेत याचे एवढेच उरते: ‘संथ सॅकेड्स, उत्तर एससीए-२’. वाडियांचे नाव सहसा येत नाही, आणि हे खटकते.

चांदीपुराचे नाव तरी उरले. नागपूरजवळच्या या गावातल्या तापाच्या रुग्णांमध्ये १९६५ साली पुण्याच्या विषाणू संस्थेला एक नवा विषाणू सापडला. वाळूमाशीतून पसरणारा हा विषाणू मुलांना काही तासांत बेशुद्ध करू शकतो, हे २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रातल्या साथीने दाखवले.

आणि चंडीगड? मुलाला एका बाजूची फीट येते, सीटी स्कॅनमध्ये छोटे कडे दिसते, कड्यात एका बाजूला ठिपका. ठिपका म्हणजे पट्टकृमीच्या अळीचे डोके. या गाठींवर अल्बेंडाझोल द्यावे की त्या आपोआप जाऊ द्याव्यात, हा वाद होता. पीजीआयच्या बालरोग विभागाने मुलांवर चाचणी घेऊन १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: औषध मिळालेल्या मुलांच्या गाठी जास्त प्रमाणात विरघळल्या. इथला लाडका सापळा शाकाहाराचा. डुकराचे कच्चे मांस खाल्ले तर कृमी आतड्यात वाढतो, पण मेंदूत गाठ होते ती कृमीची अंडी पोटात गेल्याने. ती माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, भाजीवर, हातांवर येतात. त्यामुळे जन्मात मांस न शिवलेल्यालाही हा आजार होतो, आणि ‘शाकाहारी आहे, म्हणून शक्यता नाही’ हा पर्याय निवडणाऱ्याचा गुण जातो.

हातोडी कशी धरायची, हे मात्र चार पर्यायांत विचारता येत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने ‘नेक्स्ट’ ही सर्वांना समान परीक्षा आणली. तिच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष रुग्ण तपासून दाखवायचा आहे. जुलै २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली.