आरोपी पोलीस असतो तेव्हा

पोलिसानेच मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार केला, तर फिर्याद घेणारे, पुरावा गोळा करणारे आणि आरोपी एकाच खात्याचे असतात. स्टेशन डायरी, ड्युटीच्या नोंदी, सीसीटीव्हीचे चित्रण आरोपीच्या सहकाऱ्यांच्याच हाती असते.

२६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात असेच घडल्याची फिर्याद झाली. भावाच्या तक्रारीमुळे तिथे आणलेल्या आदिवासी मुलीने दोन पोलिसांवर अत्याचाराचा आरोप केला. डॉक्टरांनी तिचे वय १४ ते १६ सांगितले. सत्र न्यायालयाने ती सोळाच्या आतली असल्याचे सिद्ध झाले नाही आणि तिची संमती होती, असे म्हणून दोघांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली, पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, हे त्यामागचे एक कारण. रात्रीच्या ठाण्यात, वर्दीपुढे ती मुलगी किती प्रतिकार करू शकली असती, याचा विचारच झाला नाही. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन पेटले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे पीडितेने सांगितले, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचे, असे ठरले.

२०१२ च्या पोक्सो कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या संमतीचा प्रश्नच उरत नाही. पोलिसाने केलेला लैंगिक अत्याचार तिथे अधिक गंभीर गुन्हा ठरतो. त्यातील बलात्काराला २०१९ पासून किमान २० वर्षे सक्तमजुरी आहे. जबाब शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या वेशात, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

मात्र तपास आरोपीच्या ठाण्याबाहेरच्या अधिकाऱ्याकडेच द्यावा, असे पोक्सो सांगत नाही. ही मोठी उणीव आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये ठाण्यांतील चित्रण १८ महिने जपण्याचा आदेश दिला. ते लगेच ताब्यात घ्यायला हवे. ठाण्याने गुन्हा नोंदवला नाही, तर पोलीस अधीक्षकांकडे आणि पुढे न्यायालयात जाता येते. अशी नोंद टाळणे हाही गुन्हाच आहे. लैंगिक गुन्ह्यांत पोलिसावर खटला चालवण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. स्थानिक तपासावर विश्वास नसेल, तर उच्च न्यायालय तो विशेष पथकाकडे किंवा सीबीआयकडे सोपवू शकते.